लॉनवर पाय ठेवायचा नाही

आमच्या लॉनचा कोपरा पिवळा पडायला लागला तेव्हा मला पहिला संशय आला तो शेजारच्या कुत्र्याचा आणि दुसरा सासूबाईंचा. कुत्र्याचा संशय मी लगेच बोलून दाखवला. सासूबाईंचा पोटात ठेवला, कारण त्याला पुरावा लागणार होता. आईविरुद्ध काही असलं की माझ्या नवऱ्याला पुरावा लागतो. बायकोविरुद्ध असलं की नुसतं कानावर आलं तरी पुरतं.

लॉन म्हणजे काही राजवाड्याची बाग नव्हे. मैसूरच्या बोगादीत आमचं घर आहे. गेटपासून पायऱ्यांपर्यंत फरशी, आणि फरशीच्या डाव्या अंगाला चार खाटा मावतील एवढं गवत. बस. पण ते गवत मी माझ्या आजारपणात लावून घेतलं होतं. छातीतली गाठ काढली, मग केमो सुरू झाली, केस गेले. त्या दिवसांत डोक्याला निळा सुती स्कार्फ गुंडाळून मी पायरीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असायचे, आणि समोर नुसती लाल माती. एक दिवस नवऱ्याला म्हटलं, "इथे काहीतरी हिरवं कर, नाहीतर मी या मातीकडे बघत बघतच जाईन." तो घाबरला. त्याच आठवड्यात टेम्पोतून गवताचे चौकोनी तुकडे आले, फरशा बसवाव्यात तसे बसवले गेले, आणि त्या गवतानं मुळं धरली त्याच सुमाराला माझ्या डोक्यावर केसांचे खुंट उगवायला लागले.

तेव्हापासून सकाळी उठून मी आधी आरशात बघायचे आणि मग खिडकीतून लॉनकडे. हा वेडेपणा आहे हे मला कळतं. मी फरसाणाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करणारी बाई आहे, शकुन-अपशकुनाशी माझा काडीचा संबंध नाही. पण मनाशी मी ठरवूनच टाकलं होतं की हे हिरवं आहे तोवर मी आहे. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोकांनी समजूत घातली असती, आणि समजूत घालणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो.

म्हणून घरात नियम एकच होता. लॉनवर पाय ठेवायचा नाही. दूधवाल्यानं नाही, नवऱ्यानं नाही, पाहुण्यांनी नाही, त्यांच्या पोरांनी तर नाहीच नाही. दसऱ्याला सांगलीहून माझा भाऊ सहकुटुंब आला आणि लॉनवर सतरंजी घालून फोटो काढू म्हणाला, तर मी त्याला सगळ्यांदेखत असा झापला की तो जेवायच्या ताटावरसुद्धा बोलला नाही. बसला फुगून. बसू दे म्हटलं. मेलं एवढं मैसूर पडलंय फोटो काढायला, माझंच गवत दिसलं का?

आता सासूबाई. माझ्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मैसूरची. मूळचे रंगारी. कापड रंगवायचे, छापायचे. आता त्यातलं कुणी काही करत नाही, नवरा तर कॉम्प्युटरवर बसतो. घरात बोलतात मराठी, पण ते मराठी ऐकून माझ्या सांगलीच्या मावशीनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "अगं, ही माणसं नक्की आपल्यातलीच ना?" दर वाक्यात एखादा कानडी शब्द, आणि राग आला की सगळंच वाक्य कानडीत. सासूबाई मला "पुस्तकातली बाई" म्हणतात. मी 'कृपया' म्हणते म्हणून. मी त्यांच्यापुढे 'कृपया' फक्त रागानं म्हणते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

आमचं दोघींचं कधीच पटलं नाही. शहरातलं, नजरबादचं जुनं भाड्याचं घर सोडून त्यांना आमच्याबरोबर बोगादीला यावं लागलं, याचा राग त्यांनी माझ्यावर काढला. इथे शेजारी कोण ते कळत नाही, देऊळ लांब, बाजार लांब, हे सगळं जणू मीच लांब नेऊन ठेवलं होतं. मी आमटी केली की त्या माझ्या डोळ्यांदेखत त्यात रसम पावडर घालतात. मी चादर घातली की ती काढून परत घालतात. मी गप्प बसणारी नाही आणि त्याही नाहीत. मधल्या मध्ये नवरा कानात बोळे घालून बसतो.

त्यातलं एक भांडण मात्र मी जपून ठेवलं होतं. आजारपणाच्या आधीचं. नवरा स्कूटरवरून पडला, नुसतं खरचटलं होतं, पण सासूबाईंनी त्याची दृष्ट काढली आणि मूठभर खडेमीठ आणि मोहरी सरळ पेटत्या गॅसवर टाकली. नजरबादला न्हाणीघरात चूल होती, तिथे चालायचं. इथे माझा नवा गॅस! मीठ तडतडून ओट्यावर उडालं, बर्नर तुंबला, घरभर धूर. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "पुन्हा या घरात हे थेर चालायचे नाहीत. गॅसवर नाही, बेसिनमध्ये नाही, कुठेच नाही." त्या कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढा तोरा बरा नव्हे गं. बघ तू, एक दिवस उतरेल सगळा."

आणि थोड्याच महिन्यांत मला गाठ सापडली. न्हाणीघरात केसांचा पुंजका हातात आला तेव्हा मला डॉक्टर आठवले नाहीत, देव आठवला नाही. ते वाक्य आठवलं. त्यांच्या बोलण्यानं गाठ होत नाही, हे मला कळत होतं. पण माफ मी केलं नाही. त्यांनी ते वाक्य परत घेतलं नाही आणि मी विसरले नाही, आणि आजारपणात त्यांनी मला पेज करून घातली तीही मी तोंड फिरवून प्यायले.

मला त्यांना बेंगळूरला पाठवायचं होतं. थोरल्या दिरांकडे, कायमचं. दीर-जाऊ तिथे चौदाव्या मजल्यावर राहतात. सासूबाई एकदा तिथे महिनाभर राहून आल्या होत्या, आणि आल्यावर गेटपाशीच पिशवी ठेवून फरशीवर बसल्या होत्या. "तिथं खिडकीतून खाली बघितलं तर माणसं मुंगीएवढी," म्हणाल्या, "आणि घरात तर तेवढी पण नाहीत. मला परत पाठवू नका. मला मैसूरलाच मरू द्या." म्हणजे त्यांना कशाचा धाक घालायचा हे मला बरोबर समजलं होतं.

तर, लॉन. पुढच्या तपासणीची तारीख मिळाली त्या सुमारास बाजूच्या दारासमोरचा कोपरा पिवळा पडायला लागला. हे दार स्वयंपाकघरातून बाहेर निघतं, सासूबाईंच्या खोलीला लागून. आधी गवताची टोकं वाळली, मग पातीच्या पाती पिवळ्या, मग वाळक्या पेंढ्यासारख्या. तपासणी तोंडावर आणि हे असं! मी नवऱ्याला ओढत नेऊन दाखवलं. तो म्हणाला, "पाणी कमी पडलं असेल." या माणसानं आजवर एका झाडाला पाणी घातलेलं नाही, आणि निदान मात्र तयार.

तरी मी पाणी वाढवलं. काही फरक नाही. उलट माती ओली असूनही गवत तहानेनं मेल्यासारखं दिसत होतं. मग नर्सरीवाल्याकडे गेले. त्यानं फोटो बघितला न बघितल्यासारखा केला आणि युरिया दिला. युरिया टाकल्यावर बाकीचं लॉन हिरवंगार झालं आणि तो कोपरा आणखी जळाला. मी पिशवी घेऊन परत गेले आणि त्याला चार शब्द सुनावले. मग हुमणीची शंका आली. खुरप्यानं गवताचा एक तुकडा उचकटला, मुळाशी अळी-बिळी काही नाही. बुरशीही नाही, बुरशी अशी एका जागी चिकटून बसत नाही, गोल गोल पसरते.

मग कुत्रा. शेजारी निवृत्त बँकवाले गृहस्थ आहेत, त्यांचा जाडजूड लॅब्रॅडोर. मी गेटवरूनच सुरुवात केली, "तुमचा कुत्रा आमच्या लॉनवर घाण करतो." ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमचं गेट बंद, कंपाउंड माझ्या छातीएवढं. त्याला उडता येत नाही." मला आणखीच राग आला, कारण ते खरं होतं. शिवाय कुत्र्यानं मुतलेल्या जागेच्या कडेनं गवत गडद हिरवं होत असतं. इथे तशी कड नव्हती. हे मला घरी आल्यावर सुचलं, तोवर मी त्यांना जे बोलायचं ते बोलून बसले होते. माफी मागायला मी गेले नाही.

आणि मग एका संध्याकाळी मी खिडकीतून बघितलं. दिवेलागणीची वेळ. सासूबाई बाजूच्या दारात उभ्या, हातात तांब्या. त्यांनी वाकून तांब्यातलं पाणी त्या कोपऱ्यात ओतलं आणि दार लावून घेतलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रात्री जेवताना विषय काढला नाही, पण सासूबाई झोपायला गेल्यावर नवऱ्याला म्हटलं, "तुझी आई माझं लॉन मारतेय."

तो हसला. म्हणाला, "आई पाणी ओतते त्यानं गवत मरतं का? तूच तर म्हणतेस पाणी घाला."

"पाणी कसलं आहे ते बघायला पाहिजे. फिनाईल असेल. सोडा असेल. तिला माहितेय त्या गवतात माझा जीव अडकलाय."

"अगं, काहीतरीच."

"आणि मी सिद्ध केलं तर?"

तो दमलेला होता. माझ्या आजारपणानं दमला होता, आमच्या भांडणांनी दमला होता. त्यानं हात टेकले. म्हणाला, "कर सिद्ध. आईनं मुद्दाम केलंय असं निघालं, तर मी स्वतः तिला दादाकडे सोडून येतो. पण नाही निघालं, तर हा विषय या घरात पुन्हा नको."

मला आणखी काय हवं होतं! दुसऱ्याच दिवशी मी त्या कोपऱ्यातली माती एका डबीत घेतली आणि हिरव्या भागातली दुसऱ्या डबीत, आणि दोन्ही घेऊन कारखान्यात गेले. माती दाबली तेव्हाच बघितलं, वाळलेल्या ठिकाणी वरून पांढरट पापुद्रा धरला होता. तेव्हाच ओळखायला हवं होतं. फरसाणात मीठ किती आहे ते बघणं हे माझं रोजचं काम, आणि घरच्या मातीवर मिठाचा पापुद्रा मला ओळखता आला नाही. दोन्ही माती शुद्ध पाण्यात ढवळल्या, गाळल्या, आणि दोन परीक्षानळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. हिरव्या भागातल्या मातीचं पाणी जरासं धुरकट झालं, आमच्या बोअरच्या पाण्यानं होतं तेवढंच. पिवळ्या कोपऱ्याच्या नळीत मात्र दूध नासावं तसं पांढरं फटक घट्ट काहीतरी तळाशी बसलं. मीठ. साधं खायचं मीठ, आणि ते बख्खळ.

मी ती नळी हातात धरून उभी होते आणि खरं सांगते, मला आनंद झाला. सापडली! म्हणजे बाई रोज मिठाचं पाणी ओतून, शांतपणे, माझं लॉन मारत होती. विषबिष घातलं असतं तर पकडली गेली असती, म्हणून मीठ. किती हुशार! मी नळीचा फोटो काढला, नवऱ्याला पाठवला आणि लिहिलं, "मीठ आहे. आज घरी आल्यावर बोलू." बेंगळूरची गाडी कधी असते तेही बघून ठेवलं. मग साहेबांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं म्हणून निघाले. रंगेहाथ पकडायचं होतं मला.

माझी गाडी मुद्दाम रस्त्याच्या कोपऱ्यावरच लावली, गेट आवाज न करता उघडलं आणि भिंतीला लागून बाजूच्या दाराकडे गेले. चपला हातात. माझ्याच घरात चोरासारखी.

दारात माझी प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती. खुर्चीच्या पाठीवर माझा निळा स्कार्फ पसरला होता. तो स्कार्फ मी केस आल्यावर पोतेऱ्यांत टाकला होता, पुन्हा डोळ्यांपुढे नको म्हणून. तो धुऊन, घडीच्या रेषा दिसतील असा घातला होता. आणि सासूबाई त्या रिकाम्या खुर्चीसमोर उभ्या राहून मिठाची मूठ ओवाळत होत्या, मी तिथे बसलेय असं समजून.

ओवाळताना त्या नावं घेत होत्या. शेजारच्या बँकवाल्याची नजर लागली असेल तर जळो. कारखान्यातल्या बायकांची. सांगलीहून आलेल्यांची. थोरल्या सुनेची, "ती तर आल्या आल्या केस बघत होती गं." एकेक नाव आणि मूठ एकदा वरून खाली. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि तोंड उघडणार होते, तेवढ्यात त्या थांबल्या. मूठ तशीच हवेत. मग आवाज खाली आला.

"आणि माझी," म्हणाल्या. "सगळ्यांत माझीच वाईट. त्या दिवशी मी बोलले. नको ते बोलले. देवा, माझी नजर लागली असेल तर माझे डोळे फुटू देत. माझं काय, झालंच आहे सगळं. तिला काही नको. मला ती आवडत नाही, ते वेगळं. पण तिला काही नको."

मग त्यांनी मूठ तांब्यातल्या पाण्यात सोडली, हातानं ढवळलं, दाराची चौकट एका हातानं घट्ट धरली आणि जेवढं वाकता येईल तेवढं वाकून ते पाणी लॉनच्या कोपऱ्यात ओतलं. पाय उंबऱ्यातच. पडल्या असत्या तर कंबर गेली असती.

मला काय झालं ते सांगता येत नाही. राग तर होताच, तो कुठे जाणार? पण तो धरायला काही सापडेना. मी पुढे गेले तेव्हा हातातली एक चप्पल खाली पडली. त्या दचकून वळल्या आणि पहिलं काय म्हणाल्या, तर "मी पाय नाही ठेवला गं लॉनवर!"

"मीठ का ओतता तिथे?" मी ओरडलेच.

"मग कुठं ओतू?" त्याही काही कमी नाहीत. "गॅसवर नको म्हणालीस. बेसिनमध्ये नको म्हणालीस. दृष्टीचं मीठ कुणाच्या पायाखाली यायला नको असतं, आलं तर त्याला लागतं. रस्त्यावर माणसं चालतात. फरशीवर दूधवाला येतो. या घरात कुणी पाय न ठेवणारी जागा एकच आहे. तूच करून ठेवलीस ती."

"मिठानं गवत मरतं, आई!"

त्यांनी कोपऱ्याकडे बघितलं, मग तांब्याकडे. त्यांना खरंच सुचलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पिढ्यान्‌पिढ्या मीठ पाण्यात विरघळवून, कुणाच्या पायाखाली येणार नाही असं ओतून द्यायचं, एवढंच त्यांना माहीत. तिथे खाली काय असेल याचा विचार कुणी करायचा? "अय्यो," म्हणाल्या, आणि उंबऱ्यावरच बसल्या. "म्हणजे मीच का? मला वाटलं तुझं वाईट सगळं त्या गवतावर येतंय. म्हटलं येऊ दे, तुझ्यावरचं जातंय ना. म्हणून आणखी ओतत होते."

तेवढ्यात गेटचा आवाज आला. नवरा. तोही लवकर आला होता, माझा निरोप बघून. तोंड उतरलेलं. त्यानं आम्हा दोघींकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, आणि मला कानडीत नाही, मराठीत नाही, नुसतं डोळ्यांनी विचारलं. सासूबाईंना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण मुलगा भलत्या वेळी घरी आलेला बघून त्यांना समजलं. त्यांनी पदरानं तांब्या पुसायला घेतला. पुसलेलाच पुन्हा पुसत राहिल्या.

"काय निघालं?" नवरा म्हणाला.

मला हाकलायचं होतं हो त्यांना. वर्षानुवर्षं हाकलायचं होतं. पुरावा नळीत होता, गुन्हेगार उंबऱ्यावर बसलेला होता, मीठ अजून ओलं होतं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "बोअरचं पाणी. खारं आहे. या कोपऱ्यात उतार आहे, तिथे साचतं."

"पण तू तर म्हणालीस..."

"म्हणाले असेन! मी काय देव आहे का, चुकले. आता उभा काय राहिलास, नळाला कावेरीचं गोडं पाणी येईल तेव्हा पाइप लाव. आणि चहा टाक."

त्यानं एकदा आईकडे बघितलं आणि आत गेला. त्याला पटलं नव्हतं, पण पटवून घ्यायची त्याला एवढी घाई होती की त्यानं पुढे काही विचारलं नाही. मी स्कार्फ उचलला, सासूबाईंच्या मांडीवर टाकला आणि म्हटलं, "हा पुन्हा बाहेर काढू नका." त्यांनी माझं ऐकून त्याची घडी घातली. आयुष्यात पहिल्यांदा.

मिठानं मारलेल्या जमिनीवर औषध टाकून भागत नाही, तिला धुवावं लागतं. मी काट्यानं तो कोपरा खोल भोसकून घेतला, वाळलेलं गवत खरवडून काढलं, मातीतलं मीठ सुटावं म्हणून जिप्सम पेरलं, आणि नळाला कावेरीचं पाणी आलं की पाइप लावून ठेवायचे. मीठ खाली खाली जाऊ दे, मुळांच्या पलीकडे. पुन्हा माती नेऊन तपासली. नळीतलं पांढरं कमी होत गेलं, तेव्हा लॉनच्या दुसऱ्या टोकाकडून गवताचे झुबके मुळासकट काढून इथे लावले. बसून लावायला मला कोपऱ्यात पाय ठेवावे लागले. सासूबाई दारात उभ्या राहून सूचना देत होत्या. "ते वाकडं लागलंय. तिकडं विरळ आहे, स्वल्प दाट कर." मी म्हटलं, "कृपया आत जा." गेल्या नाहीत.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी मागच्या अडगळीतून एक जुनं घमेलं काढलं, त्यात नारळाच्या करवंट्या पेटवल्या आणि ते फरशीवर, लॉनपासून चांगलं लांब ठेवलं. सासूबाईंना हाक मारली. म्हटलं, "इथे जाळा काय जाळायचं ते. मिठाचा एक खडा जरी गवतात दिसला ना, तर तुमचं बोचकं मी स्वतः बांधीन."

त्यांनी घमेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बस मग समोर," म्हणाल्या. "खुर्चीची काढून काढून कंटाळा आला मला."

मी बसले. ताठ, तोंड वाकडं करून. त्यांनी मीठ-मोहरीची मूठ माझ्या डोक्यावरून फिरवायला सुरुवात केली. बँकवाला झाला. कारखाना झाला. माझा भाऊ झाला, बिचारा. थोरली सून झाली. मग हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चटकन नजर वळवली आणि मूठ घमेल्यात टाकायला वळल्या.

"एक नाव राहिलं, आई," मी म्हटलं.

त्यांनी असे काही डोळे वटारून बघितलं की एरवी मी उठूनच गेले असते. मी हलले नाही. करवंट्या तडतडत होत्या.

"सुम्ने बस गं," त्या करवादल्या, म्हणजे गप्प बस, आणि मिठाची मूठ पुन्हा माझ्या डोक्यावर आणून त्यांनी पहिल्यापासून दृष्ट काढायला घेतली, आणि या वेळी सुरुवात स्वतःपासून केली.